मामाचा गाल

डोंबिवलीत माणसाच्या तोंडावर पुटकुळी उठली की ती त्याची एकट्याची राहत नाही. याला कारण रेल्वे. सकाळच्या लोकलमध्ये दोन प्रवाशांच्या चेहऱ्यांमध्ये जेमतेम वीतभर अंतर असतं आणि खिशातून मोबाइल काढायला हात मोकळा नसतो. मग समोर जे असेल तेच वाचायचं. बऱ्याच जणांच्या समोर माझा गाल असतो. दिवा येईपर्यंत तो वाचून होतो आणि ठाण्यापर्यंत त्यावर चर्चा रंगलेली असते. कल्याणहून बसून येणारे खालून वर बघतात, त्यामुळे हनुवटी त्यांच्याकडे. डोंबिवलीला लटकून आत शिरणारे समोरून बघतात, गाल आणि नाक त्यांच्याकडे. ही वाटणी कोणी ठरवलेली नाही, पण चौथ्या सीटवरून होणाऱ्या भांडणांपेक्षा ती जास्त शिस्तीने पाळली जाते.

माझ्या उजव्या गालावर एक पुटकुळी आली. पन्नाशी उलटल्यावर आली, म्हणजे तिला बराच उशीर झाला होता. ती आपल्या वेळेने गेली, पण जाताना मसुराएवढा काळा डाग ठेवून गेली. माझं त्याच्याशी काही वैर नव्हतं. मी त्याला रोज दाढी करतानाच भेटत होतो. पण त्याच सुमारास भाचीचं लग्न ठरलं.

मराठी लग्नात मामाची नेमणूक फार थोड्या वेळासाठी असते. एरवी त्याला कोणी विचारत नाही. जेवणाच्या पंगतीत ‘तुम्ही घरचेच’ म्हणून शेवटी बसवतात. पण मंगलाष्टकांच्या आधी गुरुजी मामाच्या नावाने पुकारा करतात, मामा मुलीला घेऊन येतो, आणि तेवढा वेळ हॉलमधले सगळे कॅमेरे त्याच्यावर असतात. ताईचा फोन आला.

‘तुझ्या त्या गालाचं काय ते बघ.’

‘लग्न तुझ्या मुलीचं आहे, ताई. माझ्याकडे कोण बघतंय?’

‘मी कल्याणला हॉलवर जाऊन आले. जिन्यावरून येताना तुझी उजवी बाजूच कॅमेऱ्याकडे येते. डावीकडून यायला वाट नाही, तिथे आइस्क्रीमचा स्टॉल आहे.’

आइस्क्रीम हलवता येत नव्हतं, म्हणून डाग हलवायचं ठरलं.

डॉक्टरकडे जावं असं मी म्हणालो नाही असं नाही. पण आमच्या घरात डॉक्टर ही शेवटची पायरी आहे. त्याच्या आधीच्या पायऱ्या स्वयंपाकघरातून जातात. ‘घरात सगळं असताना बाहेर कशाला पैसे घालायचे?’ हे आईचं वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. त्याच वाक्यावर आमचे दिवाळीचे कपडे, सहली आणि एकदा माझा मोडलेला अंगठा निभावून गेला आहे. अंगठा अजून थोडा वाकडा आहे. तो रक्तचंदनाचा लेप मी वेळेआधी धुतल्यामुळे वाकडा राहिला, असं आईचं मत आहे.

गाडीत आधीच निदान झालं होतं. ‘पोट साफ नाही,’ खिडकीजवळचे काका म्हणाले. त्यांच्या मते पोट साफ नसल्यामुळे केस गळतात, गुडघे दुखतात आणि मुलं उलटून बोलतात. ‘रक्तात उष्णता,’ दुसरे म्हणाले. बँकेतल्या एकाने टूथपेस्ट लावायला सांगितलं. पांढरीच लावायची, जेल नको. चौथ्याने विचारलं, ‘पाणी किती पिता?’

‘महापालिका सोडते तेवढं.’

‘मग कसं होणार!’ असं म्हणून ते गृहस्थ घाटकोपरला उतरले. उपाय सांगायचा राहिला याची चुटपुट त्यांना लागली असावी, कारण दुसऱ्या दिवशी ते फलाट बदलून माझ्या डब्यात आले.

घरी तीन पिढ्यांची तीन शास्त्रं होती. आईचं शास्त्र कोकणातलं, त्यात सगळं उगाळायचं असतं. बायकोचं शास्त्र तिच्या माहेरचं, त्यात सगळं कालवायचं असतं. मुलीचं शास्त्र कोरियातलं, त्यात तांदूळ भिजवून ते पाणी दोन दिवस झाकून ठेवायचं आणि मग तोंडाला लावायचं. तिकडच्या बायकांची त्वचा म्हणे काचेची दिसते. आईने झाकण काढून वास घेतला.

‘अगं, हे तर तांदळाचं धुवण. आम्ही हे म्हशीला घालायचो.’

‘आजी, हे फर्मेंटेड आहे.’

‘आमची म्हैसही छान दिसायची,’ आई म्हणाली आणि विषय मिटवला.

खरी अडचण फ्रिजची झाली. पूर्वी आमच्या फ्रिजमध्ये उरलेली भाजी, विरजण आणि आईची सायीची वाटी एवढंच असायचं. आता त्यात वाट्या आल्या. झाकलेल्या, अर्ध्या झाकलेल्या, बशी पालथी घातलेल्या. दही-बेसन, मध-लिंबू, मसुराचं पीठ आणि दूध, किसलेला बटाटा, संत्र्याच्या सालीची पूड. या सगळ्यांत सायीवरून घरात उघड दोन पक्ष पडले. आई साय साठवते, आठवड्याने लोणी काढते आणि तूप कढवते. हा तूप पक्ष. मुलगी तीच साय बोटाने पळवून गालाला लावते. हा तोंड पक्ष. ‘माझं तूप कमी का पडतंय?’ असं आई विचारायची आणि मुलगी मान वळवायची. त्या वळवलेल्या मानेवर साय असायची.

एका रात्री गाडी मुंब्र्याजवळ रखडली आणि मी फार उशिरा घरी पोहोचलो. सगळे झोपले होते. फ्रिजमध्ये दही, बेसन आणि हळद एकत्र कालवलेली वाटी दिसली. कढी करायची राहिलेली असणार, असं समजून मी त्यात पाणी घातलं, मोहरी-जिरं-कढीपत्त्याची फोडणी दिली, उकळी आणली आणि भातावर घेतली. चव बरी होती. थोडा देवघराचा वास येत होता, पण एवढ्या रात्री कोण वासाला नावं ठेवतो! सकाळी बायको फ्रिजसमोर उभी होती.

‘अहो, इथली वाटी?’

‘खाल्ली.’

‘त्यात चंदन उगाळून घातलं होतं! अर्धा तास सहाणेवर घासत होते!’

आई आतून म्हणाली, ‘असू दे गं. आतून गेलं तर जास्त गुण येतो.’

त्या दिवशी आमच्या घरातल्या सौंदर्यशास्त्राचा पाया मला समजला. जे पोटात जातं तेच तोंडावर जातं, मधे फक्त फोडणीचा फरक.

हळदीचं प्रकरण मात्र जरा सविस्तर सांगायला हवं. हळद आणि डोंबिवली यांचा संबंध काही माझ्यापासून सुरू होत नाही. केशव विष्णू पेंढरकरांनी १९५२ मध्ये परळला विको लॅबोरेटरीज सुरू केली. पुढे डोंबिवलीत कारखाना आला. १९७५ मध्ये कंपनीने हळदीचं क्रीम बाजारात आणलं. आमच्याकडच्या कॉलेजलाही पेंढरकरांचंच नाव आहे, त्यामुळे मी हळदीच्या सावलीत बी.कॉम. झालो असं म्हणायला हरकत नाही. मग सरकारच्या अबकारी खात्याला शंका आली. हे औषध की सौंदर्यप्रसाधन? प्रसाधनावर कर जास्त, औषधावर कमी. सत्तरच्या दशकाच्या शेवटी निघालेलं हे भांडण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, आणि हे आयुर्वेदिक औषधच आहे यावर शिक्का बसेपर्यंत नवं शतक उजाडलं होतं. एवढे वकील, एवढी कागदपत्रं! आमच्या आईला बोलावलं असतं तर तिने एका तारखेत सांगितलं असतं, ‘आम्ही ही जखमेवर दाबतो, नवरीला लावतो आणि आमटीत घालतो. तुम्हाला कर कशावर लावायचाय तो लावा.’

आईला साक्षीला न बोलावण्याची चूक अमेरिकेनेही केली. हळदीने जखम भरते, या शोधाचं पेटंट १९९५ मध्ये मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रातल्या दोघांना तिथल्या सरकारने देऊन टाकलं. आपल्याकडून सीएसआयआरने, डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या पुढाकाराने, त्याला आव्हान दिलं. जुन्या ग्रंथांतले आणि नियतकालिकांतले ३२ संदर्भ काढून पाठवले आणि १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झालं. ही गोष्ट मी आईला अभिमानाने सांगितली.

‘बत्तीसच?’ आई म्हणाली. ‘आणि त्या अमेरिकेतल्या लोकांनी हळद कसल्या वाटीत कालवली होती?’

मी कालवली होती स्टीलच्या वाटीत. तिथेच सगळं बिनसलं, असं पुढे निष्पन्न झालं. सांगलीची हळद आणली होती. दुधात कालवून थापली, वाळू दिली आणि गार पाण्याने धुतली. निघेना. मी पिवळाच. कचेरीची वेळ झालेली. मी साबण घेतला आणि खसाखसा चोळला. आरशात बघतो तर पिवळा गाल लाल झालेला! ओरडलोच. मुलगी बारावी सायन्सची, ती धावत आली आणि तिचा चेहरा आनंदाने फुलला.

‘बाबा, इंडिकेटर! हळदीला अल्कली मिळाला की ती लाल होते. साबण अल्कलाइन असतो. आमच्या प्रॅक्टिकलला हेच आहे. थांबा, फोटो काढते.’

आईनेही येऊन बघितलं. तिला त्यात नवं काही वाटलं नाही. ‘हळदीचं कुंकू असंच तर करतात,’ ती म्हणाली. ‘तू तोंडावरच केलंस.’

मग लिंबू चोळून लाली उतरवली. पिवळा रंग तरी उरलाच. त्या दिवशी गाडीत माझ्याभोवती चक्क जागा झाली. लोकांना कावीळ वाटली. डोंबिवलीहून ठाण्यापर्यंत दोन्ही पाय जमिनीवर ठेवून केलेला असा प्रवास मला आठवत नाही. हळदीचे फायदे सांगताना हा कोणी सांगत नाही.

मुलतानी मातीकडे मी आमच्या सोसायटीतल्या एका काकांमुळे वळलो. काका कट्टर आहेत. पाकिस्तानची मॅच असली तर ते टीव्हीवर चादर टाकतात. पण त्वचेसाठी त्यांचा विश्वास मुलतानी मातीवर. ‘काका, मुलतान पाकिस्तानात आहे,’ असं कोणीतरी जिन्यात म्हणालं आणि काका दोन दिवस खाली उतरले नाहीत. शेवटी मीच जाऊन सांगितलं की आपल्या दुकानांतली ही माती राजस्थानातूनही येते, बारमेर-बिकानेरकडे तिच्या खाणी आहेत. काकांनी माझे दोन्ही हात धरले आणि घरातली अर्धी पिशवी मला दिली.

ही माती गुलाबपाण्यात कालवून लावली की पहिली पाच मिनिटं गार वाटतं. नंतर चेहऱ्याचं सिमेंट होतं. हसायचं नाही, बोलायचं नाही, भुवया उंचवायच्या नाहीत. नेमकी तेव्हाच बेल वाजली. घरात कोणी नव्हतं. दारात गॅस सिलिंडरवाला.

‘साहेब, कोड सांगा.’

मोबाइलवर कोड आला होता. पाच, पाच, सात, पाच. पण ‘प’ म्हणायला ओठ मिटावे लागतात आणि माझे ओठ मुलतानच्या ताब्यात होते.

‘आच,’ मी म्हणालो. ‘आच. शात. आच.’

गॅसवाला एक पाऊल मागे सरला. ‘आच लागली? साहेब, रेग्युलेटर बंद केला का?’

मी मान हलवली. गालावर एक तडा गेला.

‘भाजल्यावर माती नाही लावायची हो! बटाटा किसून लावतात. माझ्या मेव्हण्याचा हात भाजला होता, डागसुद्धा नाही राहिला.’ एवढं बोलून त्याने सिलिंडर आत ठेवला, माझ्याच हातातून मोबाइल घेऊन कोड वाचला आणि जाताना शेजारच्यांची बेल वाजवून सांगितलं की साहेबांकडे लक्ष ठेवा, भाजलेत. पुढच्या अर्ध्या तासात आमच्याकडे तीन किसलेले बटाटे, एक कोरफडीचं पान आणि देशी गायीचं तूप येऊन पोहोचलं. तूप आईने ठेवून घेतलं.

कोरफड लावली तर गालाला खाज सुटली. ‘पिवळा चीक निथळू दिला नाहीत ना?’ शेजारच्या वहिनी म्हणाल्या. लिंबू-मध लावून कल्याणच्या एका सहप्रवाशाच्या सांगण्यावरून गच्चीत उन्हात बसलो, कारण त्याने म्हणे ड जीवनसत्त्वही मिळतं. डाग आणखी काळा झाला आणि त्याला एक नवा शेजारी मिळाला. लिंबाचा रस लावून उन्हात गेलं की कातडी पोळते, ही गोष्ट मला नंतर कळली. गाडीत मी तक्रार केली तर सहप्रवाशाने विचारलं, ‘उन्हात बसलात कुठे?’

‘आमच्या गच्चीत.’

‘डोंबिवली पूर्वेला?’ त्याने आजूबाजूच्यांकडे सूचक नजर टाकली. ‘पूर्वेला ऊन शुद्ध नाही. एमआयडीसी आहे.’

यावर मला काही बोलता येईना. आमच्या एमआयडीसीकडे जानेवारी २०१४ मध्ये हिरवा पाऊस पडला होता आणि फेब्रुवारी २०२० मध्ये तिथला एक रस्ताच गुलाबी झाला होता. ज्या गावात पाऊस रंग लावून येतो, तिथे माणसाने गालावरच्या एका मसुराएवढ्या डागाचा किती बाऊ करावा? पण ताईचा फोन रोज येत होता.

एव्हाना माझ्या लक्षात आलं होतं की घरगुती उपाय कधीच चुकत नाही. करणारा चुकतो. वाटी काशाची नव्हती. दूध पिशवीचं होतं. हळद दळून आणलेली होती, घरी कांडलेली नव्हती. मध खरा नव्हता. लेप वाळण्याआधी धुतला, वाळल्यानंतर धुतला, धुताना उलटा हात फिरवला. मंगळवारी लावला. आणि यातलं काहीच चुकलं नसेल तर श्रद्धा कमी पडली. अॅलोपथीचा डॉक्टर बिचारा एका गोळीने गुण आला नाही तर बदनाम होतो. मावशीचा लेप शंभर जणांच्या तोंडावर फसला तरी मावशी जागच्या जागी असते.

पुरावाही बघा. सगळे पुरावे दिवंगत असतात. ‘माझी आजी नव्वदाव्या वर्षी गेली, पण गालावर सुरकुती नव्हती.’ ही आजी कोणी पाहिलेली नसते आणि तिचा फोटो असतो तो कृष्णधवल, फ्रेममध्ये ओल आलेला. उपाय सांगणाऱ्याच्या स्वतःच्या तोंडाकडे मात्र बघायची पद्धत नाही. मला टूथपेस्ट सुचवणाऱ्या बँकवाल्याच्या कपाळावर लहानमोठे अकरा डाग होते. गर्दीत हलता येत नसल्यामुळे मी ते नीट मोजू शकलो.

गोऱ्या रंगाचा विषय कोणी उघड काढत नव्हतं, पण तो सगळ्या वाट्यांच्या तळाशी होता. ‘डाग जाईल आणि रंगही उजळेल,’ असं प्रत्येक जण पुढे जोडायचाच. हळदीचं क्रीम आलं त्याच १९७५ मध्ये ‘फेअर अँड लव्हली’ही आलं. २०२० मध्ये त्यांनी नावातून गोरेपणा काढून टाकला. मावश्यांनी काढलेला नाही. पन्नाशीतल्या मामाचा रंग उजळून नवरामुलगा काय वेगळं करणार होता, ते मात्र कोणी सांगितलं नाही.

शेवटचा उपाय म्हणून आईने तिचं उटणं काढलं. आमच्याकडे उटणं म्हणजे नरक चतुर्दशीची पहाट, मोती साबण आणि नंतर न्हालेल्या डोंबिवलीने फडके रोडवर जाऊन एकमेकांना बघणं. ते वर्षातून एकदा लावायचं, कारण रोज लावण्याइतका वेळ नरकासुरालाही मिळाला नसता. आईने कल्याणच्या काष्ठौषधींच्या दुकानाची यादी दिली. नागरमोथा, गव्हला, कचोरा, वाळा, अनंतमूळ, मंजिष्ठा, आंबेहळद. दुकानदाराने यादी वाचली, चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि तयार उटण्याचं पाकीट पुढे सरकवलं.

‘यात हेच आहे.’

‘आईने सुटं सांगितलंय.’

‘सगळ्यांच्या आया सुटंच सांगतात. मग दळणार कशात?’

दळलं आमच्या मिक्सरमध्ये. वाळ्याच्या मुळ्या पात्याला गुंडाळल्या गेल्या, मिक्सर एकदा तापून बंद पडला आणि पुढचे कितीतरी दिवस आमच्याकडच्या खोबऱ्याच्या चटणीला नरक चतुर्दशीचा वास येत होता. उटणं जाडसर राहिलं. ते आईने स्वतःच्या हाताने, काशाच्या वाटीत, कच्च्या दुधात कालवून माझ्या गालावर चोळलं. नातवाला न्हाऊ घालताना वापरायचा तोच जोर. डाग गेला नाही. गालाचं वरचं साल गेलं.

मग बायकोने सासूला न सांगता मला ठाण्याला नेलं. त्वचेच्या डॉक्टर तरुण होत्या. त्यांनी भिंग लावून गाल बघितला.

‘आत्तापर्यंत काय काय लावलंत?’

मी सांगू लागलो. त्या लिहू लागल्या. बटाट्यापर्यंत त्या लिहीत होत्या. टूथपेस्टला थांबल्या. गव्हला-कचोरा म्हटल्यावर त्यांनी पेनाचं टोपण लावलं.

‘पुटकुळीचा डाग आपोआप फिका पडतो. काही महिने लागतात. तुम्ही त्याला पडू देत नाही आहात.’ मग त्यांनी समजावलं की कातडीचा वरचा थर साधारण महिनाभरात आपला आपण बदलत असतो. मला एकदम उजेड पडला. म्हणूनच तर प्रत्येक मावशी ‘महिनाभर लाव’ म्हणते! महिनाभर काहीही लावा, भिंतीचा चुना लावा, काम कातडी करते आणि श्रेय मसुराच्या डाळीला जातं.

‘आता काय लावू?’

‘काही लावू नका. साध्या सौम्य फेसवॉशने धुवा, मॉइश्चरायझर लावा आणि बाहेर पडताना सनस्क्रीन. बस.’

घरी बातमी फुटलीच. औषधाची चिठ्ठी आईने चष्मा लावून वाचली, उलटी करून मागची बाजूही बघितली.

‘काही लावू नका, हे सांगायचे एवढे पैसे घेतले?’

‘हो.’

‘अरे, काही न लावायला डॉक्टर कशाला लागतो? ते आपलं आपल्याला येत नाही का?’

‘येत नाही, असं दिसतंय,’ बायको म्हणाली. तिने एवढं बोलायला नको होतं. संध्याकाळी तूप पक्षाने सायीची वाटी कुलपाच्या कपाटात नेली.

दोन दिवस मी गालाला खरंच काही लावलं नाही. घरात सगळे माझ्याकडे, उपास मोडणार का ते बघावं तसं बघत होते. तिसऱ्या दिवशी आईने तोडगा काढला. डॉक्टरीणबाई ‘काही लावू नका’ म्हणाल्या, म्हणजे औषध लावू नका म्हणाल्या. खोबरेल काही औषध नव्हे. साय तर नाहीच, ती घरची. गाडीतल्या काकांनाही हा अर्थ पटला. त्यांनी त्यात पोट साफ ठेवण्याची भर घातली.

अशा रीतीने आम्ही हळदीच्या दिवसापर्यंत पोहोचलो. आमच्या या पट्ट्यात आगरी घरांतली हळद लग्नाहून मोठी असते. रात्रभर बँजो, मांडवात पाचशे पानं, आणि जवळच्यांत लग्नाहून हळदीचं बोलावणं चुकलेलं जास्त लागतं. ताईच्या सासरचे तसे शांत, पण मुलीने हट्टाने हळदीचा वेगळा कार्यक्रम ठेवला होता. त्यासाठी एक कार्यक्रम सजवणारा मुलगा नेमला होता. हॉलमध्ये जिकडे बघावं तिकडे पिवळं. पिवळे पडदे, पिवळ्या छत्र्या, झेंडूच्या माळा, मुलींचे पिवळे गॉगल. मुलांना पिवळे कुर्ते सक्तीचे होते. माझा गालही रंगसंगतीत बसत होता.

आई सांगलीची हळद घेऊन आली होती. काशाच्या वाटीत, तेलात कालवलेली, वर आंब्याचं पान. तो मुलगा धावत आला.

‘आजी, ही खरी आहे का?’

‘म्हणजे?’

‘खरी हळद नाही चालणार, आजी. सोफा भाड्याचा आहे. डाग गेला नाही तर डिपॉझिट जातं. आणि मेकअपवाल्या ताईंनी पण सांगितलंय, उद्या बेस बसत नाही.’

‘मग मुलीला लावायचं काय?’

त्याने लगबगीने एक सुंदर पितळी वाडगा आणला. कडेला मोती चिकटवलेले, आत पिवळंधमक, दाट, गुळगुळीत काहीतरी. ‘हे धुतलं की लगेच निघतं. फोटोत सेम दिसतं. आम्ही सगळीकडे हेच देतो.’

कॅमेरे वळले. ताई, तिच्या जावा, मेकअपवाल्या ताई, सगळ्या वाडग्याभोवती जमल्या. आईने तर्जनी बुडवली, नाकाशी नेली आणि सगळ्यांच्या देखत जिभेला लावली.

‘बेसन,’ ती म्हणाली. ‘आणि मीठ घालायला विसरलेत.’